कुकर, लिंबाची फोड आणि गाडीची चाकं

आमच्याकडे कुकर लावताना आई तळाच्या पाण्यात लिंबाची पिळून झालेली फोड टाकायची. लिंबू नसलं तर चिंचेचं बुटुक. का, तर कुकर आतून काळा पडत नाही. एवढंच उत्तर, पुढे प्रश्न विचारायचे नाहीत. त्या फोडीत किती रसायनशास्त्र आहे हे मला पन्नाशीला आल्यावर कळलं, तेही जीपच्या चार चाकांमुळे.

ती चाकं मी कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून घासाघीस करून सेकंडहँड आणली होती. त्यांच्यावर रंगही नव्हता आणि लॅकरही, म्हणजे वरून मारतात तो पारदर्शक थरही, नव्हता. आरशासारखं पॉलिश केलेलं नुसतं उघडं ॲल्युमिनियम होतं. दोन महिने सिग्नलला लोक वळून बघत होते. मग पावसाळा आला. सप्टेंबरात शेजारच्या काकांनी चाकांकडे बराच वेळ निरखून पाहिलं आणि विचारलं, "काय रे, यांना रंग द्यायचा राहिलाय का?"

दादरच्या समुद्राकडच्या बाजूला, रस्त्यावर उभी राहणारी गाडी आणि उघडं ॲल्युमिनियम ही मुळात जमणारी जोडी नाही. जमवायची असेल तर त्या धातूचा स्वभाव समजून घ्यावा लागतो. ज्यांना फक्त कुठलं पॉलिश आणायचं हे हवंय त्यांनी पुढच्या दोनेक परिच्छेदांवरून उडी मारली तरी चालेल. पण माझं जे नुकसान झालं ते हे दोन परिच्छेद माहीत नसल्यामुळेच झालं.

ॲल्युमिनियम हवेत उघडं पडलं की क्षणार्धात ऑक्सिजनशी संयोग पावतं आणि स्वतःवर ऑक्साइडचा एक पापुद्रा चढवतं. त्याची जाडी चार-पाच नॅनोमीटर, म्हणजे केसाच्या जाडीचा दहा हजारावा भागही नाही. लोखंडाचा गंज खपल्यांनी सुटतो आणि खालचं लोखंड पुन्हा उघडं पडतं. ॲल्युमिनियमचा पापुद्रा मात्र घट्ट चिकटून बसतो आणि आतल्या धातूला झाकून ठेवतो. ओरखडा पडला तर तिथे लगेच नवा पापुद्रा. हाच ऑक्साइड निसर्गात जाड स्फटिकांच्या रूपात सापडला की त्याला आपण कुरुंद म्हणतो, आणि त्यात रंगाची किंचित भेसळ असली की माणिक आणि नीलम. म्हणजे जर्मनच्या, अर्थात ॲल्युमिनियमच्या, पातेल्यावर माणकाच्याच जातीचा मुलामा असतो. भांडीवालीला हे सांगून भाव वाढवून घेऊ नका.

दुसरी गोष्ट चकाकीची. चकाकी हा वरून लावलेला पदार्थ नव्हे, ती पृष्ठभागाची सपाटी आहे. आपल्याला दिसणाऱ्या प्रकाशाच्या लहरींची लांबी साधारण 400 ते 700 नॅनोमीटर असते. पृष्ठभागावरचे उंचवटे-खळगे त्याहून पुष्कळ लहान असतील तर प्रकाश शिस्तीत परत फिरतो आणि आपल्याला त्यात आपलं तोंड दिसतं. ते मोठे झाले की प्रकाश सैरावैरा विखुरतो आणि तोच धातू राखाडी, पांढुरका दिसतो. ॲल्युमिनियम दृश्य प्रकाशातला जवळपास 90 टक्के भाग परतवतं, म्हणून तर बहुतेक मोठ्या दुर्बिणींच्या आरशांवर त्याचाच थर देतात. काकांना माझी चाकं बिनरंगाची वाटली तेव्हा ती मळलेली नव्हती. धुवूनच आणली होती. ती खडबडीत झाली होती.

मळलेलं चाक धुवायचं असतं आणि मंद झालेलं चाक घासून पुन्हा सपाट करायचं असतं. ही दोन वेगळी कामं आहेत, दोन वेगळ्या दिवशी करायची. आपण काय करतो? साबणाने चमक येत नाही म्हणून आणखी कडक साबण आणतो, त्याने येत नाही म्हणून ॲसिड. माझंही तसंच झालं. एका वॉशिंग सेंटरवर पोऱ्या म्हणाला, "साहेब, दोन मिनिटांत नवी करून देतो." मी कटिंग मारायला टपरीवर गेलो. त्याने बाटलीतून काहीतरी फवारलं, फेस आला, पाणी मारलं. चाकं ओली होती तोवर खरंच नवी दिसत होती. वाळल्यावर त्यांच्यावर दुधाची साय धरावी तसे पांढुरके ओघळ उमटले, वरून खाली, जसं द्रावण ओघळलं तसेच. ते ओघळ कुठल्याही साबणाने गेले नाहीत, कारण तो डाग नव्हताच. तिथला धातू खाल्ला गेला होता.

आता लिंबाकडे येऊ. आम्ल किती आणि अल्क किती हे मोजायचं माप म्हणजे सामू. शुद्ध पाण्याचा 7, त्याखाली आम्ल, त्यावर अल्क. ॲल्युमिनियमचा तो संरक्षक पापुद्रा साधारण 4 ते 8.5 या सामूच्या पट्ट्यात टिकतो. त्याच्या अलीकडे गेलात तरी विरघळतो, पलीकडे गेलात तरी विरघळतो. बहुतेकांना ॲसिडची भीती असते, पण सोड्याची नसते, आणि फसगत तिथेच होते. कपडे धुण्याच्या पावडरचं पाणी 10-11 च्या घरात असतं. तुंबलेलं मोरीचं पाइप मोकळं करायला जो कॉस्टिक सोडा टाकतात तो तर ॲल्युमिनियमवर पडला की फसफसतो. ते बुडबुडे हायड्रोजनचे असतात आणि धातू तुमच्या डोळ्यांदेखत झिजत असतो. संडास साफ करायच्या ज्या निळ्या द्रावणांत हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं, ती दुसऱ्या टोकाची.

कुकर काळा पडतो तो पाण्यातल्या क्षारांसह उकळताना पापुद्रा जाड आणि ओबडधोबड होत जातो म्हणून. लिंबाचं सौम्य आम्ल तो तसा साचू देत नाही. मग चाकाला लिंबू चोळावं का? नको. कुकरच्या आतला भाग आरसा नसतो, तिथे थोडा धातू गेला तरी कोणी बघायला येत नाही. शिवाय फोडीतला रस लिटरभर पाण्यात उतरतो. चाकावर थेट रस म्हणजे सामू 2 ते 2.5. घरगुती उपाय म्हणून व्हिनेगर, चिंच, खायचा सोडा, टूथपेस्ट सुचवणारे खूप भेटतील. पितळेच्या समईला चिंच लावा, चाकाला नको.

काही व्हील क्लीनरमध्ये हायड्रोफ्लोरिक आम्ल किंवा त्याचे भाऊबंद असलेले क्षार असतात. ब्रेकची काळी पूड ते चटकन उचलतात म्हणून धंदेवाईक लोकांना प्रिय. पण हे आम्ल कातडीतून आत शिरतं, शरीरातलं कॅल्शियम पकडतं आणि सौम्य द्रावण असेल तर दुखायला काही तासांनी लागतं. हातमोजे न घालता ते फवारणाऱ्या त्या पोऱ्याचा विचार माझ्या मनात चाकांचं दुःख ओसरल्यावर आला. आधी यायला हवा होता.

तुमचं चाक खरंच उघडं आहे का?

काहीही करण्याआधी हे तपासा. मुंबईत ज्याला सगळे सरसकट मॅग व्हील म्हणतात त्यात मॅग्नेशियमचा संबंध फक्त नावापुरता. जुन्या रेसच्या गाड्यांची चाकं मॅग्नेशियमची असायची, तिथून नाव आलं. आजची चाकं ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची, आणि शोरूममधून आलेल्या गाड्यांची जवळपास सगळी रंगवलेली किंवा लॅकर मारलेली असतात. 'डायमंड कट' म्हणतात ती तर फसवी. लेथवर तासून चकचकीत केलेला चेहरा असतो, पण त्यावर पारदर्शक लॅकर असतं.

ओळखायची युक्ती सोपी आहे. पांढऱ्या फडक्याला थेंबभर मेटल पॉलिश लावून चाकाच्या आतल्या, न दिसणाऱ्या बाजूला दहा-वीस वेळा घासा. फडकं काळं झालं तर धातू उघडा आहे. ती काळी पूड म्हणजे धातूचे आणि ऑक्साइडचे बारीक कण. फडकं जसंच्या तसं राहिलं तर वर लॅकर किंवा ॲनोडायझिंगसारखा (विजेच्या मदतीने मुद्दाम जाड केलेला ऑक्साइडचा) थर आहे, आणि अशा चाकाला मेटल पॉलिश पुन्हा लावायचं नाही. त्याला गाडीच्या रंगासारखं वागवा. शॅम्पू, पाणी, मऊ फडकं, वरून वॅक्स, झालं. लॅकरला दगडाचा टोचा बसला किंवा टायर बदलताना कडेला खरचटलं की तिथून ओल आत शिरते आणि लॅकरखाली पांढऱ्या नागमोडी रेषा सरकत जातात, लाकडात भुंगा फिरावा तशा. त्या वरून पुसून जाणार नाहीत. तो सगळा थर काढून पुन्हा द्यावा लागतो.

बुलेटवाल्यांना हा फरक बरोबर कळतो. इंजिनाच्या पॉलिश केलेल्या कव्हरवर त्यांनी वर्षानुवर्षं रविवार घालवलेले असतात.

मुंबई चाकांचं काय करते

समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम मीठ असतं. पावसाळ्यात साडेचार मीटरच्या वर भरती असली की मरीन ड्राइव्हला, वरळी सी फेसला लाटा कठडा ओलांडून येतात आणि आपण हौसेने गाडीच्या काचा खाली करून त्यातून जातो. ते मीठ चाकाच्या आतल्या बाजूला, नटांच्या खळग्यात जाऊन बसतं. लाट अंगावर यायलाच हवी असंही नाही. किनाऱ्याजवळच्या हवेतच ते असतं.

मिठातलं क्लोराइड त्या पापुद्र्याची दुखरी जागा शोधून तिथे भोक पाडतं. भोकाच्या आतलं पाणी मग हळूहळू आम्लधर्मी होत जातं आणि भोक स्वतःच स्वतःला खोल करत राहतं. वरून दिसतो फक्त पांढऱ्या पिठाचा एक ठिपका. पीठ पुसलं की खाली सुईच्या टोकाएवढा खड्डा. पॉलिशने खड्डा भरत नाही. आजूबाजूचा सगळा धातू खड्ड्याच्या तळापर्यंत उतरवला तरच तो जातो, आणि इतका धातू उतरवावा का, हा प्रश्न उरतो. माझ्या एका चाकावर असे पाच-सहा खड्डे आहेत. मी ते तसेच ठेवलेत आणि ते चाक मागे डावीकडे लावलंय, जिथे माझं लक्ष कमी जातं.

मिठाचा दुसरा खेळ बॅटरीचा. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकलेले आणि मध्ये खारट पाणी, की झाली बॅटरी. पोलाद आणि ॲल्युमिनियमच्या जोडीत झिजतं ते ॲल्युमिनियम. चाकाच्या कडेला ठोकून बसवतात त्या बॅलन्सिंगच्या वजनांखाली हेच चालू असतं. वजन काढलं की खाली त्याच्याच आकाराचा पांढरा चट्टा. म्हणून टायरवाल्याला आधीच सांगायचं, ठोकायची वजनं नकोत, आतून चिकटवायची लाव. तो कुरकुरेल, पण लावेल. तसंच चाकाचं मधलं भोक पोलादी हबला, म्हणजे चाक ज्यावर बसवतात त्या भागाला, घट्ट धरून बसतं. कधीकधी सगळे नट काढल्यावरही चाक हलत नाही आणि मग भर पावसात एक्सप्रेस वेवर लाथा मारत बसायची वेळ येते. टायर फिरवायला चाकं उतरवली की ती जागा ब्रशने साफ करून घ्यायची.

काळी पूड हा तिसरा प्रकार. पुढची चाकं मागच्यांपेक्षा नेहमी जास्त काळी असतात, कारण गाडी थांबवण्याचं जास्तीचं काम पुढचे ब्रेक करतात, आणि बऱ्याच गाड्यांना मागे ड्रम असतो, तो आपली पूड पोटात ठेवतो. सायन सर्कलला संध्याकाळी दीड किलोमीटरमध्ये किती वेळा ब्रेक दाबता ते मोजून बघा. प्रत्येक वेळी डिस्क आणि पॅड दोन्ही घासले जातात आणि लोखंडाचे तापलेले कण उडून चाकावर बसतात. ओल मिळाली की ते गंजतात, आणि मग मालक म्हणतो, "ॲल्युमिनियमला गंज कसा आला?" तो गंज ॲल्युमिनियमचा नसतो, वर बसलेल्या लोखंडाचा असतो.

आणि गेली काही वर्षं आपल्या सगळ्या रस्त्यांचं काँक्रीट चाललंय. ओल्या काँक्रीटचं पाणी सामूत 12-13 पर्यंत जातं. खोदलेल्या रस्त्याशेजारून जाताना राखाडी पाणी चाकावर उडालं तर ते त्याच दिवशी धुवायचं. चिखल रविवारपर्यंत थांबला तर फारसं बिघडत नाही, पण हे पाणी थांबत नाही.

धुणं

आमच्या इमारतीत पहाटे साडेपाचला गाडी पुसणारा येतो. एक बादली, एक फडकं, बारा गाड्या. सातव्या गाडीपर्यंत पाण्याचा रंग चहासारखा झालेला असतो. तो आधी काच पुसतो, मग बॉनेट, मग शेवटी चाकं, आणि तेच फडकं पुढच्या गाडीच्या काचेवर. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. महिन्याला आपण देतो तेवढ्यात बारा बादल्या होत नाहीत. पण रस्त्यावरची वाळू ही सिलिका, कठीणपणाच्या मोजपट्टीवर 7, आणि ॲल्युमिनियम जेमतेम पावणेतीन. त्या फडक्याने चाक पुसणं म्हणजे बारीक पॉलिश पेपर मारणंच. मी त्याला सांगितलं, बाबा, माझी चाकं तू करू नकोस. त्याला आधी राग आला, मग बरं वाटलं.

चाक गार असताना धुवायचं. गाडी नुकतीच चालवून आणली असेल तर हात लावून बघा, अर्धा तास थांबा. तापलेल्या धातूवर शॅम्पू वाळून त्याचे चट्टे पडतात, आणि तापलेल्या डिस्कवर गार पाणी ओतणं ब्रेकसाठीही बरं नाही. आधी नुसतं पाणी, भरपूर, आतल्या बाजूलाही. जेवढी वाळू पाण्याने वाहून जाईल तेवढी हाताने घासावी लागत नाही. मग चाकांसाठी वेगळी बादली, त्यात सामू 7 च्या आसपासचा गाडीचा शॅम्पू, मऊ केसांचा ब्रश आणि आऱ्यांच्या मागे पोचायला जुना टूथब्रश. तारेची घासणी नको, हिरवा स्क्रबरही नको. एक चाक पूर्ण धुवून, खळबळून, मगच दुसरं.

पाणी कुठलं, यालाही महत्त्व आहे. पालिकेचं तलावांचं पाणी मऊ असतं. पण सोसायटीच्या बोअरवेलचं किंवा टँकरचं पाणी जड, किनाऱ्याकडे तर चक्क मचूळ. त्याने धुतलं तर शेवटची एक बादली नळाच्या पाण्याची मारा आणि लगेच कोरड्या फडक्याने टिपून घ्या. हवेवर वाळू दिलं की प्रत्येक थेंब आपल्या जागी क्षारांचं एक वर्तुळ सोडून जातो.

एवढ्याने ब्रेकची पूड निघाली नाही तर आयर्न रिमूव्हर मिळतो. हे औषध लोखंडाशीच भिडतं, चाकाचा धातू खात नाही, पण बाटलीवर सामू उदासीन असल्याचं लिहिलेलं बघून घ्या. फवारलं की मिनिटाभरात चाकावरून जांभळे ओघळ सुटतात. लोखंड विरघळून निघत असल्याची ती खूण. वास मात्र कुजलेल्या अंड्याचा, कारण त्यातलं रसायन पार्लरमध्ये केस कुरळे करायला वापरतात त्याच घराण्यातलं. वाळू द्यायचं नाही, तीन-चार मिनिटांत धुवून टाकायचं. पहिल्यांदा केलं तेव्हा खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी खिडकी लावून घेतली होती.

मुंबईच्या पावसाळ्यात आठवड्याला एक धुणं पुरतं. खारी लाट अंगावर घेतली असेल तर मात्र घरी आल्या आल्या, रात्रीचे अकरा वाजले असले तरी, दोन बादल्या साधं पाणी.

घासणं

आता मंद पडलेल्या उघड्या चाकाचं. मेटल पॉलिशच्या पेस्टमध्ये अतिशय बारीक, कठीण भुकटी असते आणि गंमत म्हणजे ती पुष्कळदा ॲल्युमिनियम ऑक्साइडचीच असते, म्हणजे त्या कुरुंदाचीच. ॲल्युमिनियमला त्याच्याच लेकराने तासायचं.

सावलीत बसा. पाट किंवा उलटी बादली घ्या, कारण तासभर उठणं नाही. सुती, जुनं, धुवून मऊ झालेलं बनियन याला सगळ्यात उत्तम. त्याची शिवण आणि लेबल कापून टाका, तेच ओरखडे काढतात. वाटाण्याएवढी पेस्ट, तळहाताएवढी जागा. दाबून, मागे-पुढे घासत राहा. आधी राखाडी येतं, मग एकदम काळं, काजळीसारखं. नवशिके इथे घाबरून पुसून टाकतात. पुसू नका, ते काळंच काम करत असतं. त्या काळ्यातून बोटाखाली घर्षण हलकं झाल्यासारखं जाणवलं, फडकं गुळगुळीत सरकायला लागलं, की कोरड्या फडक्याने पुसा. खालून आधी एक फिकट आभाळ दिसतं, मग त्यात समोरच्या इमारतीच्या खिडक्या. मला पहिल्या चाकाला पावणेतीन तास लागले आणि नखांमधला काळा मळ बुधवारपर्यंत ऑफिसात मिरवला.

शेवटी पेस्टचा तेलकट धुरकटपणा राहतो. त्यावर चिमूटभर मैदा टाकून स्वच्छ फडक्याने पुसा. पीठ तेल शोषून घेतं. ही ट्रकवाल्यांची युक्ती आहे आणि माझ्या अनुभवात तिच्याइतकं काही चालत नाही. घरात डब्यातून मैदा नेताना काय उत्तर द्यायचं ते आपलं आपण ठरवा.

ओघळ, ओरखडे खोल असतील तर पेस्टने भागत नाही. मग वॉटर पेपर, पाण्यात भिजवून. 600, 800, 1000, 1500, 2000 असे खरखरीत कागदाकडून बारीक कागदाकडे चढत जायचं आणि प्रत्येक नंबरला घासायची दिशा काटकोनात बदलायची. आधीच्या नंबरच्या रेघा आडव्या, आताच्या उभ्या. आडवी एकही दिसेनाशी झाली की पुढचा नंबर. घाई करून एखादा नंबर गाळला तर शेवटी आरशात त्याच रेघा दिसतात आणि पुन्हा मागे यावं लागतं. हे सांगतोय तो दोनदा मागे गेलेला माणूस आहे. बहुतेक चाकं ओतीव असतात, त्यांच्या मिश्रधातूत साधारण 7 टक्के सिलिकॉन असतं आणि आत बारीक पोकळ्याही. फार खोल उतरलात तर त्या पोकळ्या काळ्या ठिपक्यांसारख्या वर येतात. घडीव चाक, म्हणजे दाबाखाली घडवलेलं, आत गच्च असतं, म्हणून त्याला आरसा जास्त चांगला येतो आणि किंमतही तशीच.

हे सगळं बफिंगवाल्याकडून करून घेता येतं. चाकांवरचे टायर काढून द्यावे लागतात. त्याच्याकडे मोटरवर फिरणारा कापडी बफ असतो, तो त्यावर आधी पॉलिशचा तपकिरी मसाला लावतो, मग पांढरा. अर्ध्या तासात चाक आरसा. फक्त दोन गोष्टी बजावून सांगा. हबला टेकणारी मागची बाजू आणि नट बसतात ते खळगे यांना बफ लावायचा नाही. ती मापं आहेत, दागिना नव्हे. तिथे धातू कमी झाला की नट नीट बसत नाहीत. आणि चाक हाताला चटके बसण्याइतकं तापू द्यायचं नाही. चाकाच्या धातूला जी ताकद असते ती कारखान्यात दीड-दोनशे अंशांवर तासन्‌तास ठेवून मुरवलेली असते. त्याच कारणासाठी खड्ड्यात वाकलेलं चाक गॅसच्या ज्योतीवर लाल-पिवळी आग देऊन 'सरळ' करून देणाऱ्यांपासून मी लांब राहतो. दिसायला गोल होतं, पण आतून ते पूर्वीचं चाक राहिलेलं नसतं.

पॉलिश केल्याकेल्या चाक जितकं सुंदर, तितकंच उघडं. त्यावर काहीतरी झाकण हवं. कार्नोबा वॅक्स छान दिसतं, पण ते 80-85 अंशांना वितळतं आणि पुढच्या ब्रेकशेजारी त्याचा निभाव लागत नाही. चाकांसाठीचे सिंथेटिक सीलंट जास्त टिकतात. लावताना डिस्कवर आणि पॅडवर थेंबही जाऊ देऊ नका. ब्रेक लागले नाहीत तर चाकाची चमक कोण बघणार. पाणी थेंब धरून घरंगळतंय तोवर थर शाबूत आहे, पसरून चिकटायला लागलं की पुन्हा लावायची वेळ.

माझं वेळापत्रक आता ठरून गेलंय. मे महिन्याच्या शेवटी पेस्ट आणि सीलंट, पावसाळाभर नुसतं धुणं, आणि दसऱ्याच्या आदल्या रविवारी दुसरी पेस्ट. त्याहून जास्त नाही, कारण दर वेळी थोडा धातू जातोच. दसऱ्याला आई झेंडूची माळ बॉनेटवर घालते आणि चारही चाकांना ओलं हळद-कुंकू लावते. नवी जीप आली तेव्हा तर चाकाखाली लिंबंही ठेवली होती, गाडी पुढे घेतली तसा रस थेट रिमवर उडाला. संध्याकाळी दिवे लागेपर्यंत मी कुंकवाला हात लावत नाही. मग आई आत गेली की साध्या पाण्याचा मग घेऊन खाली उतरतो.